फिरत्या यंत्राजवळ जाताना: आत्याचे कानमंत्र

बाळा, टर्बाइनच्या पात्यांवर संशोधन करायचं ठरवलंस, फार छान केलंस. सगळ्यांनी भेट दिलेल्या डायऱ्या तुझ्याकडे कोऱ्याच पडलेल्या असणार, ठाऊक आहे मला. त्यातली एक काढ आणि एवढं उतरवून घे.

१. मशीन ठणठणीत असतानाही रोज त्याच्यापाशी पाच मिनिटं उभा राहा — चांगला आवाज कानात बसलेला नसेल, तर बिघडलेला ओळखणार कशावरून?

२. कंपनाचा आकडा लिहिशील तेव्हा शेजारी फेज, लोड आणि तेलाचं तापमानही लिही — आकडा तोच राहून नुसती फेज सरकली, तरी आत काहीतरी बदललेलं असतं. आज लिहिलेलं उद्या बोलतं.

३. बॅलन्सिंगची वजनं हातात घेण्याआधी फाउंडेशन बोल्ट आणि अलाइनमेंट बघून घे — अर्ध्या वेळा दुखणं तिथेच सापडतं. पाया ढिला, वजनाला बोल कशाला!

४. दहा ग्रॅमना क्षुल्लक म्हणू नकोस — मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर, मध्यापासून अर्ध्या मीटरवर बसलेले १० ग्रॅम शाफ्टला सुमारे ५० किलो वजनाइतकी ओढ लावतात.

५. पातं तपासायला घेतलंस की रुंद, चकचकीत भागात रमू नकोस, आधी त्याचं मूळ बघ — मध्यापासून मीटरभर अंतरावरचं एक किलो वस्तुमान त्याच वेगाला दहा टनांच्या भाराइतकं ओढतं, आणि ही सगळी ओढ मुळाच्या खाचा पेलतात. भेग बहुधा खाचेच्या कोपऱ्यात धरते. टॉर्च समोरून नको, तिरका धर. मग भेग शोधायचा लाल रंग मुळाला लाव, सांगितला असेल तेवढा वेळ मुरू दे, वरवरचा पुसून घे आणि पांढरा डेव्हलपर फवार. भेग असली तर थोड्या वेळाने केसाएवढी लाल रेघ वर येते. पुसताना सॉल्व्हंट थेट पात्यावर ओतायचं नाही, फडक्याला लावायचं — नाहीतर भेगेतलाही रंग धुऊन निघतो आणि तू खुशीत ‘ठीक’ लिहून मोकळा होतोस. १९८९ साली अमेरिकेत सू सिटीला कोसळलेल्या डीसी-१० विमानाच्या इंजिनातली फॅनची चकती अशाच प्रकारच्या तपासणीतून पुढे गेली होती. भेग तेव्हाही तिथे होती, ती नजरेतून सुटली.

६. थांबलेल्या रोटरवर हातोडीने टकटक करून पात्याची वारंवारिता मोज, पण तिथेच समाधान मानू नकोस — फिरताना बाहेरच्या ओढीने पातं ताठ होतं आणि वारंवारिता वर सरकते. विल्फ्रेड कॅम्पबेल यांची १९२० च्या दशकातली वेग-वारंवारितेची आकृती आजही आपण वापरतो, ती याचसाठी. पहिल्यांदा ती हाताने, ग्राफ पेपरवर काढ. सॉफ्टवेअर कुठे पळून जात नाही.

७. नॉझल किती आहेत ते शक्य तिथे स्वतः मोज — ६० नॉझल असतील तर सेकंदाला ५० फेऱ्या मारणारं पातं ३,००० झटके खातं. दिवसाला ४३ लाखांवर फेऱ्या होतात. त्यात रेझोनन्स जुळला तर थकव्याला वेळ लागत नाही.

८. क्रिटिकल स्पीडजवळ, म्हणजे फिरण्याचा वेग रोटरच्या स्वतःच्या वारंवारितेशी जुळतो तिथे, रेंगाळायचं नाही, झरझर पार व्हायचं — तिथे जितका वेळ काढशील तितकं कंपन वाढत जातं.

९. मोठ्या माणसाचं गणितही ताडून बघ — शाफ्ट क्रिटिकल स्पीडच्या वर चालणारच नाही, असं रँकिन यांनी १८६९ साली मांडलं. पुढे द लाव्हाल यांनी लवचिक शाफ्ट त्या वेगापलीकडे फिरवून दाखवला आणि १९१९ मध्ये जेफकॉट यांनी त्यामागचं कारण उलगडलं. तुझ्या संगणकाचं उत्तरही आधी जेफकॉटच्या साध्या रोटरवर तपास, मगच गाईडला दाखव.

१०. मशीन बंद केलंस की रोटर सावकाश फिरवत ठेवणारा बॅरिंग गिअर लागला याची खात्री करूनच जेवायला जा — गरम रोटर एकाच जागी थांबला तर वरची बाजू गरम, खालची गार होते आणि तो वाकतो. पोटाला उशीर चालतो, रोटरला नाही.

११. नरोऱ्याची घटना पाठ कर — ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या त्या अणुवीज केंद्रात टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यातली दोन पाती थकव्याने तुटली. रोटर हादरला, जनरेटरमधला हायड्रोजन बाहेर पडून पेटला, तेलाने आग पसरली, केबल जळाल्या आणि केंद्र सुमारे १७ तास विजेविना राहिलं. अणुभट्टी बंद झालेलीच होती, पण ती बंदच राहावी म्हणून कर्मचारी टॉर्चच्या उजेडात वर चढले आणि बोरॉनचे व्हॉल्व्ह त्यांनी हाताने उघडले. किरणोत्सार बाहेर गेला नाही, तो या माणसांमुळे. तू ज्या पात्यावर प्रबंध लिहिणार आहेस, त्याच्या आसपास शिफ्टवर अशी माणसं उभी असतात.

म्हणून पुढच्या सुट्टीत घरी येण्याआधी जे. एस. राव यांचं पात्यांच्या कंपनांवरचं पुस्तक लायब्ररीतून काढ, नरोऱ्याबद्दल मिळेल ते वाच, आणि अडेल तिथे खूण करून आण. आपण दोघं बसून बघू.