धोरण आणि धीर

भिलाईजवळच्या चरोदा येथे रेल्वेचे मोठे मार्शलिंग यार्ड आहे. निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले मालडबे येथे सुटे केले जातात आणि त्यांना जेथे जायचे असेल त्यानुसार पुन्हा जोडले जातात. इंजिन कितीही शक्तिमान असले, तरी डब्यांची जुळणी चुकली तर माल इष्ट स्थळी पोहोचत नाही. उद्योगाचेही तसेच आहे. भांडवल, यंत्रे आणि माणसे यांची कोणत्या ध्येयासाठी व कोणत्या क्रमाने जुळणी करावी, याचा पूर्वविचार म्हणजे व्यवसायाचे धोरण होय. त्यासाठी नेत्याच्या अंगी कोणते गुण असावे लागतात, हे लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांच्या चरित्रावरून स्पष्ट होते.

पहिला गुण गरज ओळखण्याचा. लक्ष्मणरावांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानाने झाली. पुढे शेतकऱ्याची गरज जाणून ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले.

दुसरा गुण धीराचा. लोखंडाने जमीन नासते, अशी त्या काळी अनेक शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. दोष नांगरात नसून अडचण समजुतीची आहे, हे ओळखल्यामुळे त्यांनी नांगराचा नाद सोडला नाही.

तिसरा गुण माणसे पारखण्याचा. बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळची माळजमीन दिली. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. शिक्षण अर्धवट राहिलेल्या तरुणांना तेथे मोठी कामे मिळाली. शिक्षा भोगून आलेल्यांवर पहाऱ्याची जबाबदारी सोपवली गेली. विश्वास टाकल्याने माणूस घडतो, हे त्यांनी कृतीने दाखवले.

चौथा गुण संवादाचा. १९२० मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. त्यामुळे कारखान्याची वार्ता ग्राहकांपर्यंत पोहोचू लागली.

या चारही गुणांच्या मुळाशी विवेक आहे. लक्ष्मणरावांनी सायकलींचा व्यवसाय मागे टाकला, गाव सोडले. परंतु नांगर सोडला नाही. काय सोडावे आणि काय धरून ठेवावे, हे ज्याला वेळीच कळते, त्याचेच धोरण टिकते.

स्वाध्याय
१. धीर आणि हट्ट यांतील फरक नांगराच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. आपल्या परिसरातील एखाद्या लहान व्यावसायिकाने काय सोडले व काय टिकवले, ते त्याच्याशी बोलून लिहा.