जखमी घार आणि तिचे उपकारकर्ते

येवल्यात संक्रांतीचे तीन दिवस आभाळ पतंगांनी भरलेले असते, आणि राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली नायलॉनच्या मांजावर घातलेली बंदी त्या दिवसांत आसारी हाती धरणाऱ्या कोणास आठवत असेल, असे मला तरी दिसलेले नाही. यंदा किंक्रांतीच्या दुपारी आमच्या गल्लीतल्या कडुलिंबावर एक घार एका पंखाने लोंबकळत होती. तिला मी उतरवून घेतले, हे आता कोणी बोलत नाही. ती दगावली त्याचे खापर मात्र बिनदिक्कत माझ्या माथी फोडले जाते, म्हणून हा लेखनप्रपंच.

पंखाच्या पुढच्या कडेला, खांदा आणि मनगट यांच्यामध्ये ताणलेल्या पातळ कातडीत मांजा रुतला होता. असा मांजा कदापि ओढू नये. दोन्ही बाजूंनी कात्रीने कापावा आणि आतला तुकडा पशुवैद्यावर सोपवावा, कारण ओढताना स्नायुबंध तुटला तर पंख कायमचा निकामी होतो. घारीच्या चोचीपेक्षा नख्यांचे भय अधिक. डोक्यावर पंचा टाकला की ती बरीचशी शांत होते, परंतु तो छातीभोवती आवळू नये. पक्ष्यास आपल्यासारखे श्वासपटल नसते, छातीचे हाड वरखाली झाले तरच त्याचा श्वास चालतो. हे सर्व मी यथास्थित करून, भोके पाडलेल्या खोक्यात तिला अंधारात ठेवले होते.

मी वनखात्याच्या कचेरीशी फोनवर बोलत असता शेजारच्या एका गृहस्थांनी, ज्यांचा पक्षिशास्त्राशी संबंध गच्चीवर ज्वारी टाकण्यापलीकडे गेलेला नाही, खोके उघडून तिच्या चोचीत चमच्याने पाणी ओतले. मी हटकले तर म्हणाले, "अहो अण्णा, मुक्या जिवाला तहान लागलीये अन् तुम्ही कायदे काय सांगता!" पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. मी वाकून पाहिले तेव्हा चोच वासलेली होती आणि नाकपुडीवर एक बारीक बुडबुडा येत होता, फुटत होता, पुन्हा येत होता. तो पाहताच मला कळून चुकले की पंखाच्या जखमेचा प्रश्न आता उरलेलाच नाही. गृहस्थ मात्र चमचा धुण्यास गेले होते.

कचेरीतल्या कारकुनाची तऱ्हा निराळी. पक्षी माझ्या ताब्यात आलाच कसा, आमची गल्ली कोणाच्या हद्दीत मोडते, या चौकशीतच त्याने संध्याकाळ केली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमातील 39 व्या कलमाची, 48 तासांत वर्दी देण्याची मुदत मी त्यास ऐकवली, तेव्हा तो उलट माझ्यावरच उखडला.

म्हणून सांगतो. वनखात्याचा 1926 हा क्रमांक आधीच लिहून ठेवावा. वर्दी दिल्याची वेळ आणि घेणाऱ्याचे नाव टिपून घ्यावे, नंतर कोणीच कबूल होत नाही. धीर धरावा, घाबरू नये, वगैरे आहेच. दूध, पाव, भात काहीही देऊ नये. उडता न येणारे पण धडधाकट पिल्लू जमिनीवर दिसले तर बहुधा त्याचे आईबाप जवळच असतात. त्याला उचलून घरी आणणे हा निव्वळ आगाऊपणा होय. आणि मुख्य म्हणजे खोके ज्या खोलीत ठेवाल तिला कुलूप घालून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. शेजारी रागावतील, खुशाल रागावू द्यावे.