सोलापूर ते ऊटी : दातेरी रूळ, घरची माणसं आणि थोडं पर्ट-सीपीएम

थंडीत डोंगरातली रेल्वे म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा स्वित्झर्लंड येतं. त्याला जबाबदार आपले हिंदी पिक्चर. १९९५ चा ‘दिलवाले दुल्हनिया’ आपल्यापैकी कोणी थिएटरमध्ये पाहिलेला नाही, तरी बर्फ, लाल डबे आणि गळ्यातली घंटा वाजवणारी गाय सगळ्यांना पाठ आहे. आमच्या बार्शीच्या घरीही विषय तिथूनच सुरू झाला. व्हिसा, विमान, तिथला खर्च असा हिशोब पप्पांनी वहीच्या पाठीमागच्या पानावर केला आणि पान उलटलं. आजोबा तेवढ्यात म्हणाले, “डोंगरातली गाडी आपल्या देशात नाही का?” आजोबांचं वय ७४, दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेली. त्यामुळे “पुढच्या वर्षी बघू” हे उत्तर त्यांना देता येत नाही.

घरात इंजिनिअरिंगला असलेली मी एकटीच, म्हणून प्लॅनिंग माझ्याकडे आलं. ते करताना जे वाचलं आणि आकडेमोड केली ते इथे मांडते आहे. थर्ड इयरच्या मेकॅनिकलवाल्यांना व्हायव्हात उपयोग झाला तर मेसमधली एक स्वीट डिश माझी.

पहिला उमेदवार होता कालका-शिमला. १९०३ साली सुरू झालेली ९६ किलोमीटरची लाईन, शंभरावर बोगदे, आणि गेज ७६२ मिलिमीटर. हा आकडा बार्शीकरांना नवा नाही. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉपने सुरू केलेली आपली बार्शी लाईट रेल्वे याच गेजची होती! आजोबांनी तिच्यातून कितीतरी वेळा प्रवास केला आहे. पण सोलापूरहून कालका म्हणजे आधी दिल्ली गाठायची, आणि डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुकं. गाड्या तासन्‌तास लेट होतात. लहान गाडीचं कनेक्शन चुकलं तर म्हातारी माणसं घेऊन प्लॅटफॉर्मवर बसायचं. कटाप!

माथेरान जवळचं आणि आपलं, १९०७ पासूनचं. पण तिथे एक दिवसात परत येता येतं, आणि आजोबांना ‘लांबची ट्रिप’ हवी होती. मग राहिली निलगिरी. ‘दिल से’ पिक्चरमध्ये ज्या गाडीच्या टपावर ‘छैंया छैंया’ चा डान्स आहे तीच. मेट्टुपाळयम ते ऊटी ४६ किलोमीटर, मीटर गेज, कुन्नूरपर्यंत १८९९ मध्ये आणि ऊटीपर्यंत १९०८ मध्ये पोचली. २००५ साली युनेस्कोच्या यादीत गेली.

आता गंमत बघा. स्वित्झर्लंड नको म्हणून आम्ही ऊटी घेतली आणि ऊटीच्या गाडीखाली स्वित्झर्लंडच निघालं. १८८२ मध्ये रिगेनबाख नावाचा स्विस इंजिनिअर या डोंगराची पाहणी करायला आला होता. शेवटी जी पद्धत वापरली ती रोमान ॲब्ट या दुसऱ्या स्विस इंजिनिअरची. आणि वर चढवणारी एक्स क्लास वाफेची इंजिनं विंटरथुर गावच्या स्विस कारखान्यात बनलेली. अलीकडे, २०११ पासून, तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपनेही तेलावर चालणारी अशी काही इंजिनं तयार केली आहेत. झेरमॅटच्या गाडीखाली जो ॲब्टचा दात आहे तोच कुन्नूरच्या गाडीखाली.

दात लागतोच कशाला? एफ.ई. ला शिकलेलं फ्रिक्शन आठवा. लोखंडी चाक लोखंडी रुळावर. रूळ कोरडे असतील तर घर्षणाचा गुणांक धरा ०.२५. ओले किंवा तेलकट झाले की तो ०.१ पर्यंत घसरतो. कल्लार ते कुन्नूर हा चढ जवळजवळ बारास एक आहे, म्हणजे बारा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. समजा इंजिन ५० टन आणि डबे ४० टन, एकूण ९० टन. उतारावरून मागे ओढणारा जोर ९० भागिले १२, म्हणजे साडेसात टन, वर थोडा रोलिंग रेझिस्टन्स. इंजिनाचं सगळं वजन चालत्या चाकांवर आहे असं उदार मनाने धरलं, तर कोरड्या रुळावर पकड मिळते साडेबारा टन. जमतं! पण पाऊस पडला की पकड उरते फक्त पाच टन. चाकं जागेवर फिरतात. त्याहून वाईट म्हणजे उतरताना ब्रेक लावला तरी गाडी घसरत जाते. आणि निलगिरीचा तो उतार पावसाचाच आहे.

म्हणून दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी. ॲब्टची युक्ती अशी की पट्टी एक नाही, दोन शेजारी शेजारी, आणि एकीचे दात दुसरीच्या दातांपेक्षा अर्ध्या अंतराने सरकवलेले. त्यामुळे इंजिनाखालच्या पिनियनचा कुठला ना कुठला दात कायम पकडीत असतो. धक्के कमी बसतात आणि झीजही कमी होते. इंजिनही भारी आहे. हाय प्रेशर सिलिंडर साध्या चाकांना चालवतात, आणि दातेरी भाग आला की तीच वापरलेली वाफ लो प्रेशर सिलिंडरमध्ये जाऊन पिनियन फिरवते. एकाच वाफेकडून दोनदा काम! थर्मोच्या सरांनी कंपाउंडिंग शिकवताना हे उदाहरण द्यायला हरकत नाही. चढताना इंजिन पुढे नसतं, खालच्या टोकाला असतं आणि गाडीला ढकलतं. कपलिंग तुटलं तर डबे मागे धावू नयेत म्हणून. शिवाय डब्याडब्यावर ब्रेकवाले उभे. वेग ताशी साधारण १३ किलोमीटर, म्हणजे सात रस्त्यावरून सायकल दामटणारा पोरगा पुढे जाईल. कुन्नूरनंतर दात संपतात आणि डिझेल इंजिन लागतं.

मग स्वित्झर्लंडची बर्निना लाईन सात टक्के चढ दातांशिवाय कशी चढते, असं कोणी विचारेल. तिथे वीज आहे आणि डब्याखालच्या पुष्कळ ॲक्सलना मोटर आहे. वजन सगळीकडे वाटलं की पकड वाढते. आणि आपल्याकडे बारास एक म्हणजे आठ टक्क्यांच्या वर होतं.

आता मुख्य प्रश्न, जायचं कधी? आपल्या सोलापुरी डोक्यात डिसेंबर म्हणजे कोरडी थंडी, हुरडा, गच्चीवर झोप. तमिळनाडूत तसं नाही. तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो, आणि निलगिरीच्या पूर्व उतारावर, जिथून ही लाईन चढते, तिथेच तो पडतो. दरडी कोसळून गाडी रद्द होणं या महिन्यांत नेहमीचं. नोव्हेंबर २००९ मध्ये तर एवढं भूस्खलन झालं की लाईन काही महिने बंद होती. धाकट्याला ख्रिसमसची सुट्टी असते म्हणून मम्मीचा डिसेंबरचा हट्ट होता. मी पावसाचा नकाशा दाखवला. मम्मी गप्प बसली, धाकटा अजून बोलत नाही.

मग जानेवारी. पण १४ ला संक्रांत, म्हणजे तिथे पोंगल, अख्खं तमिळनाडू रस्त्यावर. आणि इकडे सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा, ती सोडून आजी हलणार नाही. २६ जानेवारीला परत लाँग वीकएंड. राहिली १८ ते २४. माझ्या अटेंडन्सचं काय होणार ते एचओडी सरांनी हा लेख वाचून ठरवावं.

तिकिटांचं गणित उलटं मांडावं लागतं. नोव्हेंबर २०२४ पासून रिझर्व्हेशन प्रवासाच्या फक्त ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होते. म्हणजे जानेवारीची तिकिटं नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, नेमकी आपल्या परीक्षेच्या धामधुमीत. लहान गाडीच्या सीट मोजक्याच, पटकन संपतात. म्हणून आधी तिचं तिकीट आणि मग मोठ्या गाडीचं. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण लोअर बर्थचा कोटा आहे. फॉर्म भरताना तो निवडायला विसरू नका, नाहीतर आजी मिडल बर्थवर.

सोलापूरहून कोइमतूरला लोकमान्य टिळक टर्मिनसची कोइमतूर एक्सप्रेस थेट जाते, हजारेक किलोमीटर. इथे पर्ट लावून बघू. समजा सगळं सुरळीत तर २३ तास, नेहमीसारखं तर २५, वाईटात वाईट ३३. अपेक्षित वेळ म्हणजे २३ अधिक चार गुणिले २५ अधिक ३३, भागिले सहा. उत्तर २६ तास. पुस्तकात इथे गणित संपतं. आपलं संपत नाही, कारण मेट्टुपाळयमहून वर जाणारी गाडी दिवसातून एकदाच, सकाळी सातच्या सुमाराला. एक तास उशीर झाला तर एक तास जात नाही, अख्खा दिवस जातो आणि मोजक्या सीटांपैकी मिळालेल्या आपल्या सहा सीटही जातात. स्वित्झर्लंडमध्ये १९८२ पासून ठरावीक अंतराने सुटणाऱ्या गाड्यांचं टाइमटेबल आहे. तिथे पाच मिनिटांत गाडी बदला, चुकली तर पुढची साधारण तासाभरात. इथे सरासरीवर विसंबून चालत नाही, फ्लोट लागतो. मी फ्लोट धरला एक पूर्ण रात्र मेट्टुपाळयममध्ये. पप्पा म्हणाले लॉजचा खर्च वाढला. वाढला खरा, पण क्रिटिकल पाथवर आजोबा आहेत.

आजोबांबद्दलच सगळ्यात जास्त विचार केला. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर, ऊटी २२०३. हवेचा दाब काढला तर ऊटीत आपल्यापेक्षा साधारण एक पंचमांश कमी ऑक्सिजन मिळतो. तापमान दर किलोमीटरला साडेसहा अंश घसरतं असं धरलं तर अकरा-बारा अंशांचा फरक, आणि जानेवारीत तिथे पहाटे गवतावर दहिवर गोठतं. स्वित्झर्लंडचं युंगफ्राउयोख ३४५४ मीटरवर आहे, तिथे तर समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच हवा. आजोबांच्या डॉक्टरांना हे सगळं आकड्यांसकट विचारलं. त्यांनी परवानगी दिली, पहिल्या दिवशी चढ-उतार करायचा नाही या अटीवर. तुमच्या घरी कोणी हृदयाचं किंवा दम्याचं असेल तर माझ्या आकड्यांवर जाऊ नका, त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. लहान गाडीच्या डब्यात टॉयलेट नाही, आणि वर जायला जवळपास पाच तास लागतात. आजोबांची लघवीची गोळी सकाळची. गाडी वाटेत इंजिनात पाणी भरायला थांबते तेव्हा उतरून जावं लागतं. पप्पांचं म्हणणं, वर टॅक्सीने जाऊ आणि खाली गाडीने येऊ, उतरायला साडेतीन तासच लागतात. हे तर्काला धरून आहे. खाजगी गाडीला मे २०२४ पासून ई-पास लागतो, पण तो ऑनलाइन मिळतो. पण आजोबा ऐकेनात. “उतरताना इंजिन काय करतंय? मला चढताना बघायचंय.” मेकॅनिकलच्या विद्यार्थिनीकडे यावर उत्तर नव्हतं. गोळीची वेळ बदलता येईल का, ते डॉक्टरांना विचारलं. त्या एका दिवसापुरती ती दुपारी घ्यायची ठरली.

गाडी रद्द झालीच तर दुसरा मार्ग ठरवून ठेवला आहे. दरडी पडतात त्या खालच्या घाटात. त्यामुळे मेट्टुपाळयमहून बसने कुन्नूर, आणि तिथून वेलिंग्टन, केट्टी, लव्हडेल करत ऊटीपर्यंत लहान गाडी, मिळाली तर. हा भाग दातांशिवायचा आहे. आजोबांना ते अजून सांगितलेलं नाही.

सामानात स्वेटर, कानटोपी, स्टीलच्या बाटल्या कारण निलगिरीत एकदाच वापरायच्या प्लास्टिकला बंदी आहे, औषधांचा दुप्पट साठा दोन वेगळ्या पिशव्यांत, आणि शेंगाचटणी कडक भाकरीसोबत. तिकिटं ज्या दिवशी उघडतात त्या दिवशी सकाळी आठला हॉस्टेलच्या वायफायवर कोणी पिक्चर डाऊनलोड करू नये, ही नम्र विनंती.