खोक्यांतून आलेली मोटार

मोटार तुम्ही सर्वांनी पाहिली असेल. पण सुटी करून खोक्यांत भरलेली मोटार पाहिली आहे काय? अशी एक मोटार एका घरी आली. बापलेकांनी ती घरीच जोडली. त्याची ही हकीकत.

१. आजारी मुलगा

न्यूझीलंड हा देश आपल्यापासून फार दूर, समुद्रापलीकडे आहे. तेथे ऑकलंड नावाचे मोठे शहर आहे. त्या शहरात १९३७ साली ब्रूस मॅक्लॅरन हा मुलगा जन्मला. त्याच्या वडिलांचा पेट्रोलपंप होता आणि मोटारदुरुस्तीचे गॅरेज होते. हातोडी-पान्याचा आवाज ऐकतच पोर वाढले.

नऊ वर्षांचा असताना ब्रूसच्या खुब्याच्या हाडाला दुखणे जडले. सुमारे दोन वर्षे तो घराबाहेर, उपचाराखाली होता. खेळायच्या वयात अंथरुणावर पडून राहावे लागले. तो बरा झाला, पण डावा पाय आखूड राहिला. चालताना तो लंगडे.

काही वर्षांनी वडिलांनी एक जुनी गाडी विकत घेतली. ती इंग्लंडात बनलेली ऑस्टिन सेव्हन होती. तिच्यातही ‘अल्स्टर’ नावाची, शर्यतीची जात. गाडी लहानशी, पण ती आली ती सुट्या भागांच्या रूपात, खोक्यांत भरून. बापलेक कामाला लागले. बापाला विद्या होती, मुलाला हौस होती.

२. इंजिन कसे चालते?

त्या गाडीच्या इंजिनाला चार सिलिंडर होते. चारही सिलिंडर मिळून पाऊण लिटर दूध मावेल, एवढेच ते इंजिन.

सिलिंडर म्हणजे लोखंडी नळकांडे. त्यात पिस्टन वरखाली होतो. पिचकारीतला दट्ट्या आठवा, म्हणजे समजेल. पिस्टन खाली जातो, तेव्हा हवा आणि पेट्रोल आत येते. वर येतो, तेव्हा ते दाबले जाते. मग ठिणगी पडते, पेट घेतो, आणि पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. पुन्हा वर येताना तो धूर बाहेर टाकतो. घेणे, दाबणे, पेटणे, टाकणे. इंजिनाची ही चार कामे ध्यानात ठेवा.

आपल्या विहिरीवरचे डिझेल इंजिन याच भाऊबंदांपैकी. फरक एवढाच की, त्यात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापानेच डिझेल पेटते.

हवा आत घ्यायला आणि धूर बाहेर टाकायला दोन दारे असतात. त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. दार नीट मिटले नाही, तर दाब निसटतो. मग इंजिनात जोर राहत नाही.

३. आमच्या मळ्यातली गोष्ट

आता घरची गोष्ट सांगतो. आमच्या थोरल्या बंधूंनी एकदा विहिरीवरचे इंजिन खोलले. दादांना तेव्हा अक्षर येत नव्हते. सगळे भाग त्यांनी एकाच घमेल्यात टाकले. जोडताना दोन्ही व्हॉल्व्ह एकमेकांच्या जागी गेले. दिसायला सारखेच, काय करणार? प्रत्येक व्हॉल्व्ह आपापल्या जागेवर घासून बसलेला असतो. दुसऱ्याच्या जागी तो घट्ट मिटत नाही. इंजिन काही केल्या उचल घेईना. आठ दिवस पाणी नाही. कांद्याचे वाफे डोळ्यांदेखत करपले. त्या रात्री दादा जेवले नाहीत.

पुढच्या साली वहिनी रात्रीच्या वर्गाला जाऊ लागल्या. पुन्हा इंजिन खोलायची वेळ आली, तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, तुम्ही काढा. मी लिहिते.”

दादा एकेक भाग काढीत. वहिनी चिठ्ठी लिहून डब्यात टाकीत. ‘हवेचा व्हॉल्व्ह’. ‘धुराचा व्हॉल्व्ह’. पोरे भाग रॉकेलने धूत आणि फडक्याने पुसत. वहिनींचे अक्षर वेडेवाकडे होते खरे. पण चिठ्ठी विसरत नाही. तिसऱ्या दिवशी इंजिन सुरू झाले, आणि पाटाला पाणी आले.

४. इंजिन खोलताना एवढे पाळा

प्रत्येक भागाला डबा आणि प्रत्येक डब्याला चिठ्ठी. जो भाग ज्या जागेचा, तो त्याच जागी परत.

व्हॉल्व्ह घासायच्या लेपाचा एक कणही आत राहू देऊ नका. तो सिलिंडरला ओरखडे पाडतो.

वरच्या झाकणाचे नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला थोडे थोडे आवळा. एकच बाजू आवळली, तर झाकण वाकडे बसते.

पेट्रोल-रॉकेलजवळ बिडी नको. बंद खोलीत इंजिन चालवू नका. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, पण तो जीव घेतो.

जे काम कळत नाही, ते जाणत्याला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

५. पुढे काय झाले?

ब्रूसची गाडी तयार झाली. १९५२ साली मुरीवाई येथे टेकडी चढण्याच्या शर्यतीत तो तिच्यासह उतरला. १९५९ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्याने अमेरिकेतली मोठी मोटारशर्यत जिंकली. १९६३ साली त्याने स्वतःचा संघ काढला. १९७० साली नवी गाडी पारखताना अपघात झाला आणि तो गेला. वय फक्त बत्तीस. त्याच्या नावाचा संघ आजही शर्यती धावतो.

ज्या मुलाला धड चालता येत नव्हते, त्याला बापाने हाताशी धरून काम शिकवले. घरातल्या माणसाला काम शिकवणे, हीसुद्धा कमाईच आहे. आणि आपण वर्गात जे अक्षर शिकतो, ते नुसते पाटीवर ठेवायचे नाही. ते डब्याच्या चिठ्ठीवर उतरले, म्हणजे शेताला पाणी मिळते.

प्रश्न

१. इंजिनाची चार कामे कोणती?
२. दादांचे इंजिन पहिल्या वेळी का चालले नाही?
३. तुमच्या घरातल्या पाच डब्यांसाठी चिठ्ठ्या लिहा. घरातील मुलाकडून त्या वाचून घ्या.