नुसतं नाम पाठ करून भागेल का?

प्रश्न : मी नुकतीच स्पॅनिश शिकायला लागले आहे. रोज २० नामं पाठ करते. प्रत्येकाआधी 'एल' (पुल्लिंगी) किंवा 'ला' (स्त्रीलिंगी) लावून घोकायलाच हवं का? शेवटी 'ओ' आला की पुल्लिंग, 'आ' आला की स्त्रीलिंग, एवढं पुरत नाही?

उत्तर : नाही पुरत. हा नियम पुष्कळ शब्दांना लागू पडतो, पण अगदी रोजच्या शब्दांतच दगा देतो. हात 'ला मानो', दिवस 'एल दिया', अडचण 'एल प्रोब्लेमा'. दूध (ला लेचे), फूल (ला फ्लोर), पूल (एल पुएंते) यांच्या शेवटी तर ना 'ओ', ना 'आ'. मराठीवरून अंदाज बांधावा, तर आपलं दूध आणि फूल नपुंसकलिंगी. स्पॅनिश नामांत ते लिंगच नाही. काळा घोडा, काळी गाय म्हणताना आपण अडत नाही, कारण हे शब्द आपल्याला लहानपणी लिंगासकटच मिळाले. स्पॅनिशमध्येही ते तसेच घ्यावे लागतात, कारण पुढचं विशेषण त्यावरच बदलतं : गार कॉफी 'काफे फ्रिओ', गार दूध मात्र 'लेचे फ्रिया'.

चुकलं तरी समोरच्याला कळतं, असं तुम्ही म्हणाल. बहुतेकदा कळतंही. पण लॅटिन अमेरिकेत 'ला पापा' म्हणजे बटाटा आणि 'एल पापा' म्हणजे पोप! पाणी तर आणखी खट्याळ. स्त्रीलिंगी असून एकवचनात 'एल' घेतं. म्हणून ते 'एल आग्वा फ्रिया' असं विशेषणासकट लिहा. रोज २० ऐवजी आठच शब्द घ्या, पण सुटं नाम वहीत उतरवू नका.