घरधनी जायबंदी झाल्यावर शेतीचा कारभार

कागल तालुक्यात दूधगंगा-वेदगंगेच्या काठी ऊस हे प्रमुख पीक होय. कडबाकुट्टी, मळणीयंत्र, ट्रॅक्टर व गुऱ्हाळाचा चरक यांनी शेतकऱ्याचे कष्ट वाचतात. परंतु क्षणभराच्या दुर्लक्षाने हात अथवा पाय कायमचा निकामी होतो. अशा वेळी जखमी माणसाची विचारपूस सारा गाव करतो. ज्या कारभारणीवर घर, गोठा व शेत यांचा भार एकदम येऊन पडतो, तिची विचारपूस मात्र क्वचितच होते.

भांगलण, कापणी, वैरण, धारा ही कामे ती पूर्वीपासून करीत आलेली असते. तिला नवा असतो तो व्यवहार: सोसायटीचे कर्ज, कारखान्याकडील उसाची नोंद, पाण्याची पाळी, खताचा हिशेब. म्हणून तिला पहिले साह्य माहितीचे हवे.

पहिला महिना कागदपत्रांचा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून राबविली जात आहे. तीत अपघाताने एक डोळा अथवा एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये, दोन निकामी झाल्यास २ लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. वय १० ते ७५ वर्षांच्या दरम्यान असावे. खातेदाराखेरीज कुटुंबातील आणखी एका व्यक्तीसही लाभ मिळू शकतो. म्हणजे अपघात पत्नीस झाला, तरीही अर्ज करावा. प्रस्ताव ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावयाचा असतो. दवाखान्याच्या धावपळीत ही मुदत टळू नये, याची काळजी ग्रामकार्यकर्त्याने घ्यावी. पोलिसांतील नोंद, सात-बारा व वैद्यकीय दाखले एका पिशवीत जपून ठेवावेत.

दुसरी गोष्ट नावाची. पतीने स्वेच्छेने पत्नीचे नाव सात-बारावर सहधारक म्हणून लावावे, यासाठी शासनाने १९९२ साली लक्ष्मी मुक्ती योजना काढली. ज्या घरी हे आधीच झालेले असते, तेथे संकटकाळी कारभारणीची अडवणूक कमी होते.

तिसरी गोष्ट कामाच्या आखणीची. पहिल्या वर्षी नवी लागण वाढवू नये. खोडवा राखल्यास मशागत व बेणे यांचा खर्च वाचतो. नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने करावी, भांगलणीस पैरा करावा. जमीन वाट्याने द्यावयाची झाल्यास करार लेखी असावा. ठिबक बसविल्यास रात्री बांधावर उभे राहून पाणी पाजण्याची पाळी टळते.

जायबंदी झालेल्या पुरुषास केवळ अंथरुणावर बसवून ठेवणे हितावह नाही. हिशेबवही, दुधाची नोंद, मजुरांची जुळवाजुळव, बियाण्याची निवड ही कामे त्याच्याकडे राहावीत. यामुळे पत्नीचा भार हलका होतो व त्याचा मानही राहतो. स्वतः चाकांच्या खुर्चीवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. अपंगत्वाने कर्तृत्व संपत नाही, याचे हे जिल्ह्यातीलच उदाहरण होय.

कार्यकर्त्याने घरभेटीत केवळ पुरुषाशी बोलून परतू नये. “वहिनी, रात्री पाण्याला कोण जातं? तुमची झोप होते का?” असे आवर्जून विचारावे. कारभारणीने अंथरूण धरले, तर त्या घराचा दुसराही हात निकामी होईल.