वाढीव हमी घ्यावी की न घ्यावी? मोटारखरेदीतील एका निर्णयाचा अभ्यास

नवी मोटार ताब्यात घेण्यापूर्वी विक्रेता ग्राहकाच्या हाती हिशेबाचा एक कागद ठेवतो. मोटारीची किंमत, वाहन कर, नोंदणी, विमा, फास्टॅग, शोभेचे साहित्य अशा नोंदींच्या खाली त्यात बहुधा आणखी दोन नोंदी असतात : ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ आणि ‘मेन्टेनन्स पॅकेज’. लाखांच्या बेरजेत वीस-तीस हजारांची रक्कम किरकोळ भासते आणि फारसा विचार न होता सही होऊन जाते.

वास्तविक, या दोन्ही बाबी सर्वस्वी ऐच्छिक आहेत. त्रयस्थ पक्षाचा विमा मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये सक्तीचा आहे आणि १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तो एकदम ३ वर्षांचा घ्यावा लागतो. कर्ज देणारी बँक तारण सुरक्षित राहावे म्हणून सर्वंकष विम्याचा आग्रह धरते. वाढीव हमी मात्र कायद्याने बंधनकारक नाही आणि कर्जाचे तारण म्हणूनही तिचा उपयोग नसतो. म्हणूनच हा निर्णय ग्राहकाने स्वतःच्या गरजेनुसार, हिशेब मांडून घ्यावयास हवा.

हमी, विमा आणि देखभाल योजना

या तीन संज्ञांची नेहमी गल्लत होते. उत्पादनातील दोषामुळे किंवा सदोष सामग्रीमुळे एखादा भाग निकामी झाला, तर तो विनामूल्य दुरुस्त करण्याचे किंवा बदलून देण्याचे वचन म्हणजे हमी. अपघात, चोरी, आग, पूर अशा बाह्य कारणांनी होणारे नुकसान भरून देतो तो विमा. आपल्याकडील मोटार विमापत्रात सामान्य झीज आणि यांत्रिक वा विद्युत बिघाड स्पष्टपणे वगळलेले असतात. उलट, हमीपत्रात अपघात आणि पाणी शिरून झालेले नुकसान वगळलेले असते.

दोहोंच्या मध्ये काही प्रसंग निसटतात. तुंबलेल्या पाण्यात मोटार बंद पडल्यावर ती पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिनात पाणी ओढले गेले, तर हमी लागू होत नाही आणि साध्या विमापत्रात दावा नाकारला जाण्याचा संभव असतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत किंवा डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत जे घडले, तशा प्रसंगी उपयोगी पडते ते विम्याबरोबर घेतलेले इंजिन संरक्षणाचे पूरक कलम. सखल भागात राहणाऱ्याने वाढीव हमीपूर्वी या कलमाचा विचार करावा.

देखभाल योजना ही तिसरी आणि अगदी निराळी बाब होय. ऑइल, फिल्टर, तपासणी, मजुरी हा खर्च निश्चितपणे होणारच असतो. योजना घेणे म्हणजे तो आगाऊ चुकता करणे. हमी घेताना आपण जोखीम दुसऱ्यावर सोपवितो, तर देखभाल योजनेत केवळ खर्चाची वेळ बदलतो. साहजिकच दोहोंचे गणितही वेगळे आहे.

वर्षे आणि किलोमीटर

हमीची मुदत वर्षांत आणि किलोमीटरमध्ये दिलेली असते व ‘जे आधी घडेल ते’ लागू होते. मूळ हमीची मुदत अलीकडे वाढत आहे. मारुती सुझुकीने जुलै २०२४ मध्ये आपली मूळ हमी २ वर्षे वा ४०,००० कि.मी. यावरून ३ वर्षे वा १ लाख कि.मी. इतकी केली. मूळ हमी जितकी दीर्घ, तितकी वाढीव हमीची निकड कमी, हे उघड आहे.

समजा, मूळ हमी ३ वर्षे वा १ लाख कि.मी. असून वाढीव हमीने ती ५ वर्षे वा १.४ लाख कि.मी. होते. वर्षाला ३५,००० कि.मी. प्रवास करणाऱ्या व्यावसायिकाची मूळ हमी तिसरे वर्ष सरण्यापूर्वीच संपेल आणि वाढीव हमी चौथ्या वर्षाअखेर. पाचव्या वर्षाचे पैसे देऊनही ते वर्ष त्याच्या वाट्याला येणार नाही. वर्षाला ७,००० कि.मी. चालविणाऱ्या निवृत्त गृहस्थास पाचही वर्षे मिळतील, परंतु तोवर त्याची मोटार जेमतेम ३५,००० कि.मी. चालली असेल आणि मोठ्या बिघाडाचा संभवही त्या मानाने कमी राहील. म्हणून प्रथम आपला वार्षिक प्रवास मांडावा आणि मोटार किती वर्षे ठेवावयाची आहे, ते ठरवावे. चौथ्या वर्षी मोटार विकण्याचा बेत असल्यास हमी नव्या मालकाच्या नावे होते की नाही, हेही विचारून घ्यावे.

जोखमीचा हिशेब

पुढील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून गृहीत धरले आहेत. चौथ्या व पाचव्या वर्षासाठीच्या वाढीव हमीची किंमत २५,००० रुपये आहे. हमीत बसेल असा बिघाड मुळीच न होण्याची शक्यता शेकडा ७०, १५,००० रुपयांचा बिघाड होण्याची शेकडा २० आणि ६०,००० रुपयांचा मोठा बिघाड होण्याची शेकडा १० आहे, असे मानू.

सरासरी अपेक्षित खर्च : १५,००० चे शेकडा २० म्हणजे ३,००० रुपये, अधिक ६०,००० चे शेकडा १० म्हणजे ६,००० रुपये, एकूण ९,००० रुपये.

९,००० रुपयांच्या सरासरी जोखमीसाठी २५,००० रुपये मोजणे वरकरणी तोट्याचे दिसते. हमी देणाऱ्यास दुरुस्तीखेरीज व्यवस्थापनाचा खर्च, विक्रेत्याचे कमिशन आणि स्वतःचा नफा काढावयाचा असल्याने किंमत अपेक्षित खर्चाहून अधिक असणे स्वाभाविकच आहे. तथापि सरासरी ही हजार मोटारींची असते. एका कुटुंबाकडे मोटार एकच असते. ज्याच्या खात्यात अडीअडचणीसाठी लाखभर रुपये शिल्लक आहेत, त्याने ६०,००० रुपयांचा धक्का स्वतःच सोसावा, हे त्याच्या हिताचे. पण ज्याच्या पगारातून हप्ता जाऊन हाती थोडेच उरते आणि ज्याचा रोजगारच मोटारीवर अवलंबून आहे, त्याला त्या एका बिघाडापायी सोने गहाण टाकावे लागेल किंवा हप्ता थकवावा लागेल. त्याच्या दृष्टीने २५,००० रुपये ही मनःशांतीची किंमत ठरते आणि ती अवाजवी म्हणता येणार नाही.

तिसराही मार्ग आहे. मूळ हमीच्या ३६ महिन्यांत दरमहा १,००० रुपयांचे आवर्ती ठेव खाते चालविल्यास चौथ्या वर्षाच्या आरंभी ३६,००० रुपये मुद्दल व त्यावरील व्याज हाती असते. बिघाड न झाल्यास ही रक्कम आपलीच राहते. नियमित बचत करणाऱ्यास हा मार्ग सर्वांत सोयीचा. मात्र तो पहिल्या महिन्यापासून अनुसरावा लागतो.

देखभाल योजनेतील व्याज

देखभाल योजना ४ वर्षांसाठी ३०,००० रुपयांना मिळते, असे समजा. एरवी प्रत्येक वर्षाच्या अखेरीस अनुक्रमे ६,०००, ७,५००, ८,५०० आणि १०,००० रुपये, म्हणजे एकूण ३२,००० रुपये लागले असते. वरवर पाहता २,००० रुपयांची बचत दिसते. परंतु योजनेचे पैसे आज द्यावयाचे आहेत. ठेवीवर ७ टक्के व्याज मिळते असे धरल्यास त्या चार खर्चांचे आजचे मूल्य सुमारे २६,७०० रुपये भरते. म्हणजे योजना ३,३०० रुपयांनी महाग पडते.

आता दुसरी बाजू. हे चारही आकडे आजच्या दराचे असतील आणि सुट्या भागांचे व मजुरीचे दर वर्षाला ५ टक्क्यांनी वाढणार असतील, तर त्याच खर्चाचे आजचे मूल्य सुमारे ३०,४०० रुपये होते आणि योजना ४०० रुपयांनी स्वस्त ठरते. निष्कर्ष असा की, देखभाल योजनेचा लाभ मुख्यतः भाववाढ आणि व्याजदर यांतील फरकावर अवलंबून असतो. विक्रेत्याने दाखविलेली ‘बचत’ कोणत्या दरांनी काढली आहे, हे अवश्य विचारावे. तसेच बदली होणाऱ्या नोकरदाराने ही योजना दुसऱ्या राज्यातील सेवा केंद्रातही चालते ना, याची खात्री करावी.

हमी कर्जात मिळविताना

हमीची रक्कम वाहन कर्जात धरली की ती जाणवत नाही. मात्र २५,००० रुपये ९ टक्के दराने ७ वर्षांच्या कर्जात मिळविल्यास दरमहा सुमारे ४०२ रुपये, म्हणजे एकूण सुमारे ३३,८०० रुपये फेडावे लागतात. शिवाय हमी पाचव्या वर्षी संपते आणि तिचा हप्ता सातव्या वर्षापर्यंत चालू राहतो. वाढीव हमी बहुधा मूळ हमी संपेपर्यंत केव्हाही घेता येते, पण विलंबाबरोबर तिची किंमत वाढते. ती वाढ किती, हे विचारून मगच थांबावयाचे की नाही ते ठरवावे.

करारातील बारीक अक्षरे

वाढीव हमीत सहसा इंजिन, गिअर बॉक्स, स्टीअरिंग, वातानुकूलन यंत्रणेचा कॉम्प्रेसर, अल्टरनेटर, इलेक्ट्रॉनिक नियंत्रण संच अशा भागांचा समावेश असतो. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, टायर, फिल्टर, रबरी भाग ही झिजणारी सामग्री वगळलेली असते. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, भेसळयुक्त इंधन, बाहेरून बसविलेले सीएनजी संच, वायर कापून जोडलेली संगीत यंत्रणा, चुकलेली सर्व्हिसिंग ही दावा नाकारण्याची नेहमीची कारणे आहेत. प्रत्येक सर्व्हिसिंगचे बिल जपून ठेवणे म्हणूनच आवश्यक.

बाहेरच्या गॅरेजमध्ये गेल्यास हमी जाते का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार उत्पादकांविरुद्ध दिलेल्या आदेशात, केवळ स्वतंत्र दुरुस्तीदाराकडे गेल्याच्या कारणावरून हमी सरसकट रद्द करण्याची अट घालू नये, असे निर्देश दिले; सदोष दुरुस्तीमुळे बिघाड झाल्यास मात्र हमी नाकारण्याची मुभा ठेवली. या आदेशाविरुद्ध अपिले झाली. ग्राहकाने केवळ त्यावर विसंबून न राहता आपल्या करारातील अट वाचणेच इष्ट.

हमी देणारा कोण, हेही पाहावे. ती उत्पादकाची आहे, विक्रेत्याची की तिसऱ्याच संस्थेची? जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबविली आणि फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. दोघांनीही ग्राहकसेवा चालू ठेवण्याचे आश्वासन दिले होते. विक्रेत्याने स्वतःपुरती दिलेली हमी मात्र त्याचे दुकान बंद झाल्यावर कितपत टिकेल, याचा विचार ग्राहकानेच करावा.

हमीखेरीज असलेले हक्क

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये समाविष्ट झालेल्या कलम ११०-अ नुसार सदोष वाहने परत बोलाविण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकते. असा दोष उत्पादकाने स्वखर्चाने दूर करावयाचा असतो. त्यासाठी वाढीव हमीची गरज नसते. दावा अन्याय्य रीतीने नाकारला गेल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. नकाराचे कारण मात्र नेहमी लेखी घ्यावे.

निर्णयापूर्वीचे सहा प्रश्न

१. माझा वार्षिक प्रवास किती आणि मोटार किती वर्षे ठेवणार?
२. मूळ हमी केव्हा संपते? मला प्रत्यक्षात किती वाढीव महिने मिळतात?
३. एकाएकी ६०,००० रुपयांचा खर्च आल्यास तो कोठून करीन?
४. हमी कोणाची आहे आणि अधिकृत केंद्र माझ्या गावापासून किती दूर आहे?
५. वगळलेल्या भागांची यादी मी वाचली आहे काय?
६. पैसे रोख देणार की कर्जातून?

या सहांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत निर्णायक आहे. खर्चाची तजवीज असेल, तर वाढीव हमी सोडून द्यावी आणि आवर्ती ठेव सुरू करावी. तजवीज नसेल आणि मोटारीवाचून चालणार नसेल, तर उत्पादकाची हमी, शक्य तो रोखीने, अवश्य घ्यावी. हिशेबाचा कागद एक दिवस आधी मागून घ्यावा, घरी बसून वाचावा आणि मगच त्यावर सही करावी.